पायपेटीवर कोण बसलंय?

इनासमामा पायपेटी उघडण्याआधी तिच्या फळीवर टकटक करतात. मग विचारतात, "येऊ का आत?" आणि उत्तराची वाट बघतात. एकदा मी विचारलं, "आलं का उत्तर?" तर माझी कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "त्याबिगर पेच फिरवतो का मी?"

पालघरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी बोईसरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. यंत्राला तेल द्यावं, त्याच्याशी गप्पा मारू नयेत, या मताचा. मामा मात्र चर्चमधल्या पायपेट्या, म्हणजे पायानं भाता मारून वाजवायच्या हार्मोनियम, दुरुस्त करतात, आणि सगळ्यांशी बोलतात.

हे काम दोघांचं. एकानं पुढे बसून पेडल मारायचं, पट्टी दाबायची. दुसऱ्यानं मागे बसून पितळी पत्ती घासत सूर जमवायचा. पुढे मार्थामामी बसायच्या. त्या वारल्यावर मामांनी जोडीदार घेतला नाही. पट्टीवर शिशाचा तुकडा ठेवायचा, आणि पेडलला सातपाटीच्या कोळ्यांची जाळ्याची दोरी बांधून पेटीखालून ओढायची. चर्चमध्ये शिरणाऱ्याला काय दिसणार? स्टुलावर कोणी नाही, पेडल खालीवर होतंय, सूर चालू आहे. मागून मामा विचारतायत, "दमलीस का गं?" मग जरा थांबून, "बरं."

दोरी मला ठाऊक आहे. तरी त्या 'बरं'ला मी अजून भितो.

एका दुपारी वेदीवर फुलं ठेवायला आलेल्या बाई फुलांसकट घरी पळाल्या आणि तापानं पडल्या. गावभर बोभाटा झाला. फादर म्हणाले, "इनास, पुढे जिवंत माणूस बसव. नाहीतर पेटी काढून कीबोर्ड आणतो." मामांच्या हातात उरलेली ही शेवटची पायपेटी. मामांनी माझं दार वाजवलं.

चर्चमध्ये मी स्टुलावर बसणार तोच ते म्हणाले, "थांब." रिकाम्या स्टुलाकडे वळून हळूच बोलले, "मार्था, फादरांचा हुकूम हाय. आता हा बसल. तू ऊठ." त्यांनी हात पुढे केला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना देतात तसा. मग बाजूला सरून कुणाला तरी वाट दिली. मीही सरलो.

मी बसलो. मामा मागे गेले. पट्टी 'दाब' अशी त्यांची हाक काही येईना. वाकून पाहिलं, तर पेटीच्या फळीला कपाळ टेकून ते रडत होते. मला फार वाईट वाटलं. मीच पट्टी दाबली आणि पेडल मारू लागलो.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "तू जोरात मारतोस. ती हळू मारायची."

मी पाय हळू केला.