आतला पूर

जलशुद्धीकरण केंद्राची मोरी बुजवायची, हे हौशीरामने ठरवलं. आणि त्याने एकदा ठरवलं की दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती. बावीस वर्षं तोच ते केंद्र चालवत होता. पवनानगरच्या खालच्या अंगाला, नदीपासून हाकेवर. धरणातून पाणी सुटलं की नदी काठ चढायची, केंद्रात शिरायची आणि पंपाच्या मोटारी बुडवून जायची. गेल्या पावसाळ्यात गावाने सतरा दिवस गढूळ पाणी उकळून प्यायलं. हौशीरामच्या दारावरून जाताना बायका रिकाम्या कळशा मुद्दाम वाजवायच्या. यंदा तो आवाज त्याला ऐकायचा नव्हता.

यंदा बंदोबस्तही जंगी झाला. मोटारी दोन फुटी ओट्यावर गेल्या, विजेची पेटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली, आणि आवाराभोवती सरकारी कंत्राटदाराने छातीएवढी काँक्रीटची भिंत घातली. भिंतीला दार नाहीच. पायऱ्यांनी वर चढायचं, पायऱ्यांनी आत उतरायचं. राहिली होती ती मोरी. गेल्या वर्षी नदी काठावरून यायच्या आधी मोरीतूनच उलटी वर आली होती.

तालुक्याचे अभियंते सुहाससाहेब म्हणाले, मोरीला बाहेरून झडप बसवू.

"झडप?" हौशीराम म्हणाला. "नदी येताना झाडं घिऊन येती, साहेब. एक फांदी आडकली की तुमची झडप उगडीच. बुजवा म्हंतो मी."

झडपेची मंजुरी तशीही आलेली नव्हती. साहेब मान हलवून मोकळे झाले. सरपंच शुभदाताईंनी श्रमदानाची हाक दिली. गवंडी वाहिदभाईंनी माल कालवायचा आणि घरटी एक घमेलं मोरीत टाकायचं, असं ठरलं. मोरी बारा घमेल्यांत भरली. घरं होती एकशे चाळीस. नाही कुणाला म्हणायचं? ज्याला नाही म्हणावं तो पुढच्या निवडणुकीपर्यंत तोंड फिरवणार. मोरीच्या तोंडावर बसलेल्या म्हशीएवढा ढिगारा झाला.

एरवी रोज फिल्टर धुणाऱ्या हौशीरामला, ते धुतल्यावरचं पाणी कुठून जातं, एवढंच आठवलं नाही. त्याच्या डोक्यात फक्त नदी होती.

उद्घाटनाला नारळ फुटला. पाहुण्यांना फिल्टर धुऊन दाखवा, असं शुभदाताईंनी सांगितलं. हौशीरामने वरच्या टाकीच्या नव्या व्हॉल्व्हचं चाक ऐटीत फिरवलं. पाणी वाळूतून उसळलं, बांधकामापायी तीन महिने साचलेला गाळ घेऊन गटारात उतरलं, मोरीपर्यंत गेलं आणि परत आलं. आधी पाहुण्यांचे बूट भिजले, मग पँटी. हौशीरामने चाक उलटं फिरवलं. चाक हातात आलं.

पाहुणे भाषण न करता पायऱ्या चढून पलीकडे गेले. गावच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. पाणी ओट्याला लागलं. टाकी अजून निम्मी भरलेली होती.

"हौशीभाऊ, मोटारी," शुभदाताई एवढंच म्हणाल्या.

हौशीरामने विजेचा मेन खाली ओढला आणि पहार उचलली. मोरीवर दहा घाव घातले. हात झिणझिणले, कपची निघाली नाही. एकशे चाळीस घरं तिथे ठाण मांडून बसली होती. पाणी ओट्याच्या काठाला यायला चार बोटं उरली तेव्हा तो भिंतीकडे वळला.

भिंतीवर चढून बसलेले साहेब म्हणाले, हे सरकारी काम आहे, तोडायला वरून लेखी परवानगी लागते.

"कवा यील?"

"पंधरा दिवस धरा."

"मग तवर ह्या पान्याला थांबाया सांगा."

हौशीराम हातावर थुंकला. वीसेक घाव लागतील, असा त्याचा हिशेब होता. पहिल्या घावाला पहार निम्मी आत गेली. दुसऱ्याला वासरू जाईल एवढं भगदाड पडलं, आणि सगळं पाणी खळाळत नदीकडे निघून गेलं. मोटारी कोरड्या राहिल्या.

टाळी मात्र कुणी वाजवली नाही. सगळे भगदाडाकडे बघत होते. शुभदाताईंनी तुटलेल्या कडेचा एक तुकडा उचलून चिमटीत दाबला. त्याची वाळू झाली. कंत्राटदाराला तेवढ्यात तळेगावात तातडीचं काम आठवलं, आणि तो चिखलातूनच गाडीकडे पळाला.

"मोरी मी बुजवाया लावली," हौशीराम मोठ्याने म्हणाला. "ती चूक माजी, आन् मी ती सगळ्या गावाम्होरं सांगतो. आता भित्तीचं कोन सांगतंय?"

शुभदाताईंनी काम पूर्ण झाल्याचा कागद साहेबांच्या हातातून घेतला, सही न करता चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला, आणि भिंत पाडून नव्याने बांधून मिळेपर्यंत तो तिथेच राहील, असं सांगितलं.

साहेब भिंतीवरून जपून उतरले. बराच वेळ मोरीवरच्या त्या ढिगाऱ्यापाशी उभे राहिले, बुटाने ठोकून पाहिलं. मग वाहिदभाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मिश्रणाचं प्रमाण काय धरलं होतंत?"

वाहिदभाईंनी डोकं खाजवलं.

"परमानाचं काय ठावं न्हाई, साहेब. आमी सिमेंट घातलं व्हतं."