तूर्तास निर्व्यसनी

मेश्रामजींना कोणी "आज वार कोणता?" असं विचारलं, तर ते आधी विचारणाऱ्याकडे बघत, मग भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरकडे बघत, आणि मग म्हणत, "मंगळवार धरून चालू."

"धरून चालू म्हणजे? मंगळवारच आहे ना!"

"कालचं पान कोनी फाडलं? मी नाही फाडलं. तू फाडलं का? मंग ज्यानं फाडलं त्यानं दोन फाडले असतीन त?"

मी शर्ट घालून ड्यूटीवर जात असे.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. क्वार्टरं थोडी आणि माणसं फार, म्हणून सेक्टर दोनमध्ये दोन-दोन सड्या बाबूंना मिळून एक क्वार्टर देत. मी पवनीकडचा गजभिये, स्टोअरमध्ये क्लार्क, वय चोवीस. माझ्या वाट्याला आले मेश्रामजी. भंडाऱ्याचे, टाइम ऑफिसातले, पंचेचाळिशीचे, एकटे. तरुणपणी नागपुरात वकिलीच्या वर्गात बसले होते. वकील काही झाले नाहीत, पण वकिली अंगात मुरली ती मुरलीच.

त्यांचं काम टोकनांचं. कामगार आत जाताना बोर्डावरच्या खिळ्याचं आपलं पितळी टोकन उचलायचा, बाहेर येताना परत लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत, इतका सोपा हिशेब. एकदा साहेबांनी विचारलं, "मेश्राम, कितने आदमी अंदर हैं?" मेश्रामजी म्हणाले, "साहब, खाली खिले दो सौ चौदह हैं. आदमी भी उतने ही हैं, ऐसा पकड़ के चलते हैं." साहेब तापले. मेश्रामजी चष्मा सावरत आत गेले, पायी हिंडून सगळी डोकी मोजली आणि दोन तासांनी परत आले. डोकी दोनशे तेरा. दोनशे चौदावा गडी कालचं टोकन खिशात विसरून आपल्या घरी आईच्या हातचं जेवत बसला होता. साहेबांनी त्यानंतर त्यांना आकडा विचारणंच सोडून दिलं.

कोणी काही सांगितलं की मेश्रामजींची चार बोटं वर होत. "सांगनारा कोन? त्यानं सोता पायलं का? त्याचा त्याच्यात फायदा का? दुसरं कोनी म्हनते का?" चार बोटं मिटली की अंगठा राही. "आन उलटं काही निघालं त?" सुपेल्याच्या बाजारात आंबेवालीशी त्यांची अशीच जुंपली. ती म्हणाली, आंबा गोड आहे. पहिलं बोट: सांगणारी कोण? विकणारी. तिसरं बोट: फायदा कुणाचा? तिचाच. मग शेजारच्या आंबेवालीची साक्ष काढायला गेले, तर ती हिची नणंद निघाली, म्हणजे तीही बाद. शेवटी पहिली वैतागून तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "बाबूजी, आमा लेहू के वकालत करहू?" तोवर टोपली रिकामी झाली होती. आम्ही कांदे घेऊन घरी आलो.

मी या माणसाची नक्कल फार छान करायचो. मेसमध्ये दुपारचं जेवण झालं की पोरं म्हणायची, "गजभिये, चार बोटं होऊन जाऊ दे!" आणि मी कुणाचा तरी चष्मा नाकावर ओढून सुरू व्हायचो. वरणात मीठ आहे का याची मी मेसमध्ये अर्धा तास सुनावणी घेतली होती.

मग माझं लग्न ठरायला आलं आणि माझी चांगलीच जिरली.

मुलगी गोंदियाची. शकुंतला. वडील रामटेके, रेल्वेत गार्ड. पाहायला गेलो तेव्हा सगळ्यांनी मला पगार विचारला, आणि तिनं एकच विचारलं, "तिकडे नळ घरात आहे का बाहेर?" "घरात," मी म्हणालो. "किती वेळ येते?" मला सांगता येईना. ती हसली. परतीच्या गाडीत मी डोंगरगढपर्यंत त्या हसण्यातच होतो. हे लग्न झालं नाही तर मी कशाच्याच कामाचा राहणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटू लागलं.

गार्डसाहेबांनी रिवाजाप्रमाणे मुलाची माहिती मागवली. मला वडील नाहीत. म्हणून पत्र आलं ते सोबत राहणारे वडीलधारे म्हणून मेश्रामजींना! मी त्यांच्यापुढे हात जोडले. "दोन ओळी लिहून द्या. मुलगा चांगला आहे. बस."

"असं कसं?" ते म्हणाले. "मी तुयासंगं राहतो, तुया हातची भाकर खातो. मायं मत एकतर्फी होईन. बाहेर विचाराले पायजे."

आणि ते बाहेर विचारत सुटले. पानवाल्याला, दूधवाल्याला, न्हाव्याला. "वो गजभिये बाबू पीते हैं क्या?" आठवडाभरात न्हाव्यानं माझ्या गालाला साबण लावता लावता म्हटलं, "बाबूजी, छोड़ दो. अभी उमर ही क्या है." मला वाटलं, मिशीबद्दल बोलतोय.

त्या संध्याकाळी मेश्रामजी गंभीर चेहऱ्यानं घरी आले. "तिघं जनं म्हनून राहिले का तू पितो."

मी खाटेवरून उडालोच. "मी? तुम्ही रोज बघता मला!"

"म्हनूनच मागं गेलो ना. न्हाव्याले सांगतलं पानवाल्यानं. पानवाल्याले दूधवाल्यानं. दूधवाल्याले कोनी? त म्हने, वो चश्मेवाले बाबू पूछ रहे थे, कुछ तो होगा." त्यांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं. "मंजे मीच. साक्षीदार एक, आन त्यानंबी काही पायलं नाही. बाद!" एवढं बोलून ते समाधानानं हात धुवायला गेले. सुपेल्यात मात्र माझी कीर्ती राहिली ती राहिलीच.

पत्र गेलं. त्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. "पक्षकाराले दाखवत नसतात," म्हणे.

पुढच्या रविवारी दुपारी मी घरात शेगडी पेटवत होतो. कोळसा ओला. फुंकून फुंकून डोळे लालभडक झालेले, नाक वाहतंय, केस उभे. अशात दार वाजलं. दारात गार्डसाहेब, डोक्यावर टोपी, हातात पत्र. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि दोन पावलं पुढे येऊन सरळ माझ्या तोंडाचा वास घेतला!

"जय भीम," मी म्हणालो. दुसरं काही सुचेना.

"बसा," ते माझ्याच घरात मला म्हणाले, आणि मोठ्यानं पत्र वाचू लागले. "'मुलगा निर्व्यसनी आहे असे तूर्तास धरून चालण्यास हरकत नाही. सुपेल्यात तीन जणांनी पितो म्हणून सांगितले, परंतु ते माझ्याच चौकशीवरून, सबब बाद. पत्ते खेळतो. रविवारी दुपारी मी ड्यूटीवर असतो, त्या वेळचे सांगता येत नाही. स्वभाव चांगला. उलट काही निघाल्यास हे मत मागे घेतले जाईल.'" त्यांनी पत्र खाली केलं. "तूर्तास निर्व्यसनी! हे काय असते? आन रविवारी दुपारी तुमी करता काय? तेच पाहाले आलो."

मी म्हणालो, शेगडी पेटवतो. ते म्हणाले, असं सगळेच म्हणतात.

तासभर माझी उलटतपासणी चालली. दोनचा भोंगा झाला, मेश्रामजी घरी आले, आणि मी मनात म्हटलं, आता संपलं. शकुंतला गेली, नळ गेला, सगळं गेलं.

"याचे डोळे पाहा," गार्डसाहेब त्यांच्यावर घसरले.

"लाल हायेत," मेश्रामजी म्हणाले. "डोळे कायनं लाल होतात? दारूनं. आनखी? धुरानं. तुमचे कायनं झाले?" गार्डसाहेबांनी डोळ्यांवरून हात फिरवला. तासभर त्याच खोलीत बसून त्यांचेही लाल झाले होते, आणि पाणी गळत होतं.

पण माणूस रेल्वेचा, हटणारा नव्हे. "हे पाहा मेश्रामजी, मी आयुष्यभर झेंडी दाखवली. हिरवी, नाही त लाल. तूर्तास हिरवी अशी झेंडी नसते!"

"असं कसं? सगळ्या हिरव्या तूर्तासच असतात. तुमी झेंडी दाखवली, गाडी निंघाली, आन पुढं रुळावर म्हैस आली. तुमी काय म्हनान? झेंडी हिरवी होती, चालू द्या?"

"ब्रेक लावीन!"

"मंग? आन म्हैस येईन म्हनून गाडी ठेसनातच उभी ठेवान का? नाही. धरून चालाचं, आन डोळे उघडे ठेवाचे. मी तेच लिवलं."

मला हसू फुटत होतं, पण माझंच भवितव्य पणाला लागलेलं, हसतो कसा?

"पन पोरीच्या बापाचा जीव हाय हो," गार्डसाहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले. "चांगला होता पोरगा, त सरळ चांगला लिवाचं. मी कायले आलो असतो इतक्या दूर?"

"म्हनूनच नाही लिवलं," मेश्रामजी म्हणाले. "खात्रीचं पत्र आलं का मानूस घरी बसते. पाहाले येत नाही."

मग त्यांनी, आंब्याची गोष्ट सांगावी तितक्याच सहज, सांगून टाकलं. त्यांचंही लग्न ठरलं होतं. तुमसरची मुलगी. कुणीतरी तिच्या वडिलांना पत्र टाकलं, मुलाला क्षय आहे. अगदी खात्रीनं लिहिलं होतं.

"मले समजलं. म्हनलं, येतीन लोकं, पायतीन, विचारतीन. पंधरा दिवस घर सोडलं नाही. कोनी यावं आन मी घरी नसावं, असं नोको. नागपूरले वकिलीची परीक्षा होती, तिलेबी नाही गेलो." ते हसले. "एक मानूस आला नाही, गार्डसाहेब. आला असता त त्याच्यासंगं दोन कोस पळून दाखवलं असतं मी."

मेसमध्ये मी या माणसाची चार बोटं नाचवून लोकांना हसवत होतो, याची मला इतकी लाज वाटली की मी शेगडीकडेच बघत राहिलो. माझ्यासाठी हा माणूस दारोदार हिंडला होता. माझ्याकडे कुणीतरी यावं, बघावं, म्हणून.

"कोनी लिवलं होतं ते?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"नाव मालूम हाय."

"कोन?"

"त्याचं म्हननं मी आजून आयकलं नाही," मेश्रामजी म्हणाले. "मंग नाव कसं सांगू?"

गोंदियाच्या पॅसेंजरची वेळ झाली. मी हळूच तसं म्हटलं, तर गार्डसाहेबांनी ऐकलंच नाही. डोक्यावरची टोपी काढून खाटेवर ठेवली, सरकून मेश्रामजींच्या बाजूला बसले, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जवाईबापू, भात तिघांचा टाका."