शेगड्या मोजणारा देवाभाऊ

देवाभाऊ मिस्तरी माणसांना शेगड्या म्हणायचा. पाठीमागे नव्हे, तोंडावर.

वाशीमकडच्या मालेगावच्या ज्या मंगल कार्यालयाचा मी मॅनेजर होतो, तिथे वऱ्हाड उतरू लागलं की हा फाटकाशी उभा राहायचा आणि कपाळाला हात लावायचा. "दोनशे शेगड्या म्हनले होते नं साहेब? ह्या तं दुप्पट उतरून राह्यल्या!" जाड माणूस म्हणजे डबल शेगडी. नाचून घामाघूम झालेला नवरदेवाचा मित्र म्हणजे पेटती शेगडी. कडेवरचं लेकरू म्हणजे निखारा. पहिल्याच भेटीत त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला, "तुमी सिंगल. ते बी इझत आलेली."

हा चावटपणा नव्हता, हिशेब होता. हॉल थंड ठेवायचं काम त्याच्याकडे होतं आणि आत किती अंगं गरमी सोडणार, हे त्याला आधी कळायला हवं असे. "थंडी बनत नसते साहेब," तो सांगायचा. "कोनाच्या बापाले बनवता येत नाही. आतली गरमी उचलाची अन् बाहेर नेऊन फेकाची. निव्वळ हमाली हाये ही."

मालकांनी गच्चीवर बसवायचा मोठा एसी आणला, तेव्हापासून देवाभाऊ आमच्याकडे. टेम्पोएवढा पत्र्याचा डबा होता तो. पंखे, नळ्या, कॉम्प्रेसर, सगळं त्याच्याच पोटात. डिसेंबरात उलटा चालवला की हॉल गरमसुद्धा करायचा. क्रेनने तो डबा वर चढवला त्या दिवशी अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं. मालकांनी नारळ उचलला आणि डब्याच्या कोपऱ्यावर आपटणार तेवढ्यात देवाभाऊ आडवा झाला. "इच्या अंगावर नाही, मालक. ईट देतो, ईटेवर फोडा." पूजा विटेची झाली.

मग त्याने डब्याखाली रबराच्या गाद्या सरकवल्या आणि एका बाजूला जरासा उतार ठेवला. थंड नळ्यांवर साचणारं पाणी आपोआप बाहेर गेलं पाहिजे, म्हणून. त्या पाण्याचा पाइप त्याने शेजारच्या माळ्याच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात सोडला. तेव्हापासून लग्नसराईत मला घरी कोथिंबीर विकत घ्यावी लागली नाही.

पाहुण्यांचा त्याने फार नामी बंदोबस्त केला होता. एसी हॉल म्हटला की वराकडचा एखादा मामा उठणार आणि भिंतीवरचं बटण दाबत सुटणार. देवाभाऊने स्टेजच्या उजव्या भिंतीला दोन बटणांची एक झकास डबी लावली. तिची वायर कुठेच जात नव्हती. खरं बटण भांड्यांच्या खोलीत होतं. मामा डबीपाशी जायचे, दोनचार वेळा दाबायचे, शर्टाची कॉलर मागे करून म्हणायचे, "हां! आता कसं गार वाटून राह्यलं!" देवाभाऊ म्हणायचा, "दाबू द्या बिचाऱ्याले. त्याची आतली गरमी निंघून जाते."

त्याचा स्वतःचा एक नियम होता. पाहुणे आत बसले की तो हॉलमध्ये पाय ठेवत नसे. "मी गेलो का एक शेगडी वाढली." सगळं लग्न तो गच्चीवर डब्याच्या सावलीत काढायचा. जेवणाचं ताट आम्ही वर पाठवायचो. इतकी लग्नं त्या हॉलमध्ये लागली, त्यातली एकही नवरी त्याने धड पाहिली नसेल. एकटाच होता. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही.

आणि एक ताकीद होती, ती मात्र तो सगळ्यांना द्यायचा, झाडूवालीलासुद्धा. स्टेजच्या मागच्या भिंतीत एक मोठी जाळी होती. हॉलमधली हवा त्या जाळीतून वर जायची, थंड व्हायची आणि छतातल्या झरोक्यांतून परत खाली यायची. देवाभाऊ त्या जाळीला नाक म्हणायचा. "काही बी करा, नाक दाबू नका. श्वास कोंडला का आत बर्फ धरते. मंग सारं खलास." म्हणून आमच्या हॉलमध्ये स्टेजच्या मागे पडदा लावायची मनाई होती. डेकोरेशनवाले कुरकुरायचे. मी स्वतः त्यांच्याशी भांडायचो.

माझ्या मुलीचं लग्न मी त्याच हॉलमध्ये केलं. मे महिना होता. सोयरीक मोठी होती, आमच्या ऐपतीहून मोठी. व्याह्यांनी दोनदा फोन करून विचारलं होतं, "हॉल एसी आहे ना नक्की?" सकाळी स्टेजसमोर उभा राहून पाहिलं, तर मुलगी आणि जावई जिथे बसणार त्यांच्या बरोबर डोक्यामागे ती काळी जाळी. सगळ्या फोटोंत तीच येणार. मी डेकोरेशनवाल्याला म्हटलं, "झाकून टाक." तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर..." मी म्हटलं, "दोन तासांत काही होत नाही. लाव." त्याने थर्माकोलचे मोर टाचलेला जाड मखमली पडदा छतापासून जमिनीपर्यंत सोडला. फार देखणा दिसत होता.

देवाभाऊने आदल्या संध्याकाळी फिल्टर धुऊन, सगळं तपासून ठेवलं होतं. सकाळी तो सरळ वर गेला. त्याला पडदा दिसला नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि झरोक्यांतून येणारी हवा हळूहळू मंदावली. मग थांबलीच. बायका पदरांनी वारा घेऊ लागल्या. मामा डबीपाशी गेले, पण त्या दिवशी डबीचाही उपाय चालेना. आणि शेवटच्या मंगलाष्टकाला छतातून पाणी गळायला लागलं. ते नेमकं व्याह्यांच्या फेट्यावर.

मी गच्चीवर धावलो. देवाभाऊने डब्याचं झाकण उघडलं होतं. आतल्या नळ्या पांढऱ्याशुभ्र, बर्फाने लिंपलेल्या, आणि त्याचं पाणी झरोक्यांच्या वाटेने खाली गळत होतं. तो म्हणाला, "कोनं तरी नाक दाबलं साहेब. मशीन चांगली हाये." आम्ही दोघे खाली उतरलो. जिन्याच्या पायथ्याशी व्याही, त्यांचे भाऊ, ओला फेटा हातात घेतलेला कोणीतरी, सगळे उभे. व्याह्यांचे थोरले भाऊ ओरडले, "हे तुमचं एसी लग्न? आमच्या माणसांना पाण्यात बसवता?"

माझ्या तोंडून निघालं, "काय करू, हा मिस्तरी सकाळपासून वर पीत बसला असेल. सांगितलं होतं याला, आज तरी पिऊ नकोस."

तोवर मी असं काही बोलेन हे मलाच माहीत नव्हतं.

देवाभाऊने माझ्याकडे पाहिलं. मग व्याह्यांच्या मंडळींच्या खांद्यांवरून पलीकडे, हॉलच्या दाराकडे पाहिलं. दारात माझी मुलगी आली होती. मुंडावळ्या बांधलेल्या, चेहरा उतरलेला. तो पुढे झाला आणि व्याह्यांसमोर हात जोडले. "चुकलं मालक. माहंच चुकलं. पोरीच्या बापाले काही म्हनू नका."

मग तो नियम मोडून हॉलमध्ये शिरला. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत स्टेजमागे गेला, पडदा गुंडाळून सुतळीने वर बांधला. वर जाऊन बर्फ वितळेपर्यंत नुसता पंखा चालवला. पंगती बसेपर्यंत गार हवा पुन्हा सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "उतरली वाटते याची!" सगळे हसले. मीही हसलो.

मालकांनी दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. वाशीमच्या ज्या हॉलवाल्यांची कामं तो करायचा, त्यांनीही बोलावणं बंद केलं. लग्नाच्या घरी दारुड्या मिस्तरी कोणाला हवा? तो शिरपूरला एका टपरीत कूलर आणि फ्रिज दुरुस्त करू लागला. मी ठरवलं, मांडवपरतणी झाली की मालकांना खरं सांगतो. मग वाटलं, दिवाळसण होऊ दे. मग मुलीला दिवस गेले. त्यानंतर मी ठरवणंच सोडून दिलं. बस स्टँडवर कधी गाठ पडली तर तो विचारायचा, "पोरगी बरी हाये नं?" मी म्हणायचो, "बरी आहे." दोघांची बस वेगवेगळी असायची.

यंदा तो गेला. टपरीतच, काम करता करता बसला तो उठला नाही. तेरवी त्याच्या बहिणीने कामरगावला केली. मी गेलो. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. त्याचा भाचा कोणाला तरी सांगत होता, "मामाच्या हातात जादू होती. पन दारूनं खाल्लं त्याले. एका लग्नात तं पिऊन साऱ्या हॉलचा इचका केला होता."

मी उभा राहिलो. पडदा मी लावला, खोटं मी बोललो, त्या माणसाने थेंबही घेतला नव्हता, असं सगळं सांगितलं. एक म्हातारबुवा म्हणाले, "मोठं मन हाये तुमचं, काका. मेलेल्या मानसाचा दोष सोतावर घेता." दुसरा म्हणाला, "असे लोक राह्यले कुठं आता!" त्यांनी मला हाताला धरून पुढे बसवलं. पानात बुंदी जास्त वाढली. मी पुन्हा सांगू लागलो तर भाचा म्हणाला, "राहू द्या काका. समजलं आमाले."

म्हणून हे लिहितो आहे. बोललेलं तिथे कोणी खरं धरलं नाही.

एकीने मात्र धरलं. निघताना त्याची बहीण, अनसूयाबाई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भाऊ, इकडे या जरा." मी आत गेलो. चुलीजवळ ती एकटीच होती.

"तुमी म्हनलं ते खरं हाये, का आमचं मन राखाले म्हनलं?"

"खरं आहे, बाई."

तिने ओट्यावरची कढई पुसायला घेतली. "माहा घरवाला दारूनं गेला. तवा मी देवाभाऊले म्हनलं होतं, तू बाटलीले हात लावशीन तं माह्या घरी येऊ नको. मंग ते लग्नाचं कानावर आलं. तो आला तसं इचारलं मी, पिऊन होता का रे? खाली मान घालून उभा राह्यला. मी दार लावून घेतलं."

"त्याने तुम्हाला तरी सांगायचं होतं."

"मले सांगतलं असतं तं मी तुमच्या दारात येऊन गाव गोळा केलं असतं, भाऊ. तुमच्या व्याह्यापर्यंत गेली असती. माहा सभाव मालूम होता त्याले."

मी खाली बसलो.

"उन्हाळा लागला का यायचा," ती म्हणाली. "अंगनातूनच. कूलर बाहीर ओढे, मोटर खोले, वाळ्याच्या नव्या ताट्या लावे. चालू करून पाहे अन् निंघून जाये. दरसाल. मी आत खाटेवर बसून राहो. कूलर सुरू झाल्याचा आवाज आला का समजाचं, गेला. भर उन्हाचा यायचा तो. मी त्याले कधी पानी नाही इचारलं."

बाहेर पंगत उठत होती. भाचा कोणाला तरी पान देत होता.

"म्हना अजून एक डाव," ती म्हणाली. "पिऊन नव्हता म्हना."

"पिऊन नव्हता."

तिने अंगणाकडच्या दाराकडे तोंड केलं. "मोठ्यानं म्हना."