इरावतीचा सख्खा मामा

शहराच्या प्राणिसंग्रहालयाचे कुटुंब-सदस्यत्व घेतलेल्या घरात एखादे नाते कमी असेल, तर ते संग्रहालयाकडून भरून दिले जाते. मृणालिनीबाई खरवंडीकरांना भाऊ नव्हता. त्यांच्या वाट्याला गेंडा आला.

ही तरतूद बहुतेक सभासदांना ठाऊक असते, पण तिचा लाभ घेणारे थोडे. लोक मुलांना घेऊन जातात, माकडे पाहतात, सावलीत डबा उघडतात आणि सदस्यत्वाचे सार्थक झाले असे मानतात. मृणालिनीबाईंचे यजमान वामनराव त्या पंथातले नव्हते. सवलत हाती असून ती न वापरणे त्यांना पानात अन्न टाकण्यासारखे वाटे. सभासदांसाठी राखलेल्या बाकावर बसूनच ते वर्तमानपत्र वाचीत, आणि वाघाच्या भोजनसमयी पहिल्या रांगेतली जागा त्यांनी कधी दुसऱ्याला मिळू दिली नव्हती. त्यामुळे मुलीचे, इरावतीचे, लग्न ठरले आणि गौरीहरापुढे बसलेल्या नवरीला बोहल्यावर कोण आणणार हा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी आधी सदस्यत्वाची नियमावली काढली.

मृणालिनीबाई एकुलत्या एक. सख्खा सोडाच, चुलत-मावसही भाऊ नाही. भाऊबीजेला चंद्राला ओवाळण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. चंद्राविषयी त्यांची तक्रार नव्हती. पण तो कधी मागून येऊन वेणी ओढीत नाही, हे त्यांना लहानपणीच उमगले होते. त्यातच विहीणबाईंनी फोनवर फार गोड आवाजात सांगितले होते, "मामा नसले तर संकोच करू नका हो. आमच्याकडचं कुणीतरी उभं करू." त्या रात्री मृणालिनीबाई जेवल्या नव्हत्या.

संग्रहालयाच्या नातेविभागात बखले नावाचे अधिकारी बसत.

"मामा सख्खा हवा की मानलेला?" त्यांनी समोर बसलेल्या पतिपत्नींना विचारले.

"सख्खाच द्या," वामनराव म्हणाले. "तरतूद आहे तर कमी कशाला घ्यायचं?"

"सख्ख्यांत सध्या दोघे मोकळे आहेत. एक साळिंदर, एक गेंडा."

"साळिंदराला खेटून नवरी शालू नेसून उभी कशी राहणार?"

"मग गेंडा. स्वभावानं शांत. दृष्टी अंमळ कमी आहे, पण मंगलाष्टकांना तिचं काही अडत नाही." बखल्यांनी चष्मा काढला. "मात्र एक सांगून ठेवतो. नातं लग्नापुरतं मिळत नाही. मुलीचा मामा म्हणजे बाईंचा भाऊ. भाऊ परत घ्यायची सोय आमच्याकडे नाही. बाईंचं काय म्हणणं?"

मृणालिनीबाईंनी एवढेच विचारले, "थोरला की धाकटा?"

"गेंड्यांत थोरलाच धरतात."

"मग चालेल," त्या म्हणाल्या, आणि थोरला भाऊ समोर असावा तसा त्यांनी पदर सारखा केला.

पुढची चूक वामनरावांची. लग्नाच्या धांदलीत ते एकटेच पत्रिका घेऊन संग्रहालयात गेले, ती त्यांनी कुंपणाच्या गजांतून आत सरकवली आणि घरी येऊन "मामांचं काम झालं" असे जाहीर केले. लग्न तोंडावर आले असता बखल्यांचा निरोप आला की मामा रुसले आहेत.

लोक गेंड्याच्या कातडीविषयी काहीबाही बोलतात. पण हा त्या कातडीच्या आत फार हळवा होता. खरवंडीकर पतिपत्नी पोचली तेव्हा तो डबक्याकाठी त्यांच्याकडे पाठ करून उभा होता, आणि सकाळचा चारा जसाच्या तसा पडला होता.

"कुलदैवताच्या खालोखाल पहिली अक्षत माहेरी जाते," बखले हलक्या आवाजात म्हणाले. "तीही बहिणीनं स्वतः न्यायची. इथं पत्रिका आणली मेव्हण्यांनी. आणि आणली तीसुद्धा हत्तीला देऊन झाल्यावर."

"हत्तीचं घर वाटेत आहे," वामनराव म्हणाले. "उगाच दोन खेपा कशाला?"

"इथून त्यांना सगळं दिसतं."

"दृष्टी कमी आहे म्हणालात ना?"

"मानपान दिसण्यापुरती आहे."

मृणालिनीबाईंनी कुंकवाची कोयरी उघडली, तळहातावर अक्षता घेतल्या, उसाची मोळी गजांपाशी ठेवली. रीत त्यांना माहीत होती. ती पाळायला माहेर मात्र उरले नव्हते.

"दादा, अक्षत घेऊन आले आहे."

शेपूट हलली, तीही माशीसाठी.

"चुकलं माझं. लग्नाला यायचं हं."

कान हलले आणि पुन्हा पडले.

"आणखी जरा नमतं घे," वामनरावांनी सुचवले. "आता दुसरा मामा कुठून आणायचा?"

तेवढ्याने मृणालिनीबाईंच्या कपाळावरची शीर उठली.

"मी का नमतं घेऊ?" त्या म्हणाल्या, आणि गजांना धरून थेट गेंड्याकडे वळल्या. "रुसायचा हक्क तुलाच आहे का रे? शाळेत वर्गातली दोघं मला रोज चिडवायची, तेव्हा कुठं होतास? माझ्या लग्नात मला बोहल्यावर कुणी आणलं, आहे ठाऊक? बाबांच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनं. आई गेली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर मी एकटी बसले होते. तेव्हा आला नाहीस. आणि आता हत्तीला आधी पत्रिका गेली म्हणून तोंड फिरवून उभा राहतोस."

"बाई," बखले म्हणाले, "नियमानं पाहता ते तेव्हा आपले बंधू नव्हते."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"अगं, पण त्याचं म्हणणं तरी..." वामनराव म्हणाले.

"तुम्हीसुद्धा. आमचं दोघांचं चाललंय."

इतक्या वर्षांच्या संसारात वामनरावांना कुणी असे बाहेर उभे केले नव्हते. ते निमूटपणे बखल्यांच्या शेजारी जाऊन थांबले.

गेंडा वळला. एवढे शरीर वळायला अवकाश लागतो. तो चिखलातून गजांपर्यंत आला, त्याने उसाला तोंड लावले नाही, मृणालिनीबाईंच्या खांद्याशी नाक नेऊन एक दीर्घ उसासा टाकला. पदर चिखलाने भरला.

"साडी बघ," त्या म्हणाल्या. पदर मात्र त्यांनी झटकला नाही.

लग्न वेळेवर लागले. कार्यालयाची दोन्ही दारे उघडावी लागली, आणि शिंगाला धक्का न लावता फेटा बांधण्यात बराच वेळ गेला. गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं" असा पुकारा केला, तेव्हा गेंडा इरावतीला गौरीहरापासून बोहल्यापर्यंत संथ पावलांनी घेऊन आला, तिच्या पाठीशी उभा राहिला आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत हलला नाही. मानाची शाल अपुरी पडली, म्हणून विहीणबाईंनी दोन जोडून घातल्या.

"मामा असतात कुठं?" त्यांनी वामनरावांना हळूच विचारले.

"वनखात्याकडे."

"कायम आहेत?"

"कायम."

"बरं झालं," विहीणबाई म्हणाल्या, आणि नमस्काराला वाकल्या.

पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनरावांनी दार उघडले, तो गेंडा अंगणात उभा. लेकीच्या लग्नात थकलेल्या बहिणीला भावाने चार दिवस माहेरी न्यावे, अशी रीत आहे. मृणालिनीबाई पिशवी भरूनच बसल्या होत्या.

"अगं, निघालीस? मी खाऊ काय?"

"पोळ्या झाकून ठेवल्या आहेत. लोणचं वरच्या फळीवर."

"परत कधी येणार?"

"दादा पाठवील तेव्हा," मृणालिनीबाई चप्पल घालीत म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी शेजारणींच्या तोंडून अनेकदा ऐकले होते. स्वतः उच्चारले ते आज.

वामनराव फाटकापर्यंत गेले. रस्त्याच्या कडेने दोघे चालली होती; बाईंच्या गुडघ्यांना झेपेल इतपतच तो चालत होता. वळणावर त्या पिशवी या हातातून त्या हातात घेऊ लागल्या, तेव्हा गेंड्याने मान खाली केली. त्यांनी पिशवी शिंगाला अडकवली आणि दोघे वळून दिसेनाशी झाली.