वामनरावांची निळी ठिणगी

चेन्नईच्या उकाड्यात भर दुपारी घोंगडी पांघरणारा माणूस मी एकच पाहिला. आवडी या उपनगरातल्या क्वार्टरमधले आमचे शेजारी, वामनराव.

जवळच्या नर्सरीत एक जुनाट, पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर होता. दर रविवारी त्याला पाण्याची ट्रॉली जोडून वामनराव देवळाच्या बागेला पाणी घालायला जात. हौस म्हणून. सोबत मी. ट्रॅक्टर वाटेत बंद पडे. मग ते प्लग काढून वायरीला जोडत, इंजिनाला टेकवत आणि ठिणगीचा रंग अंधारात बघायला घोंगडीत डोकं खुपसत. बाहेर हँडल मी मारायचो.

"निळी आहे का?"

घोंगडीतून आवाज येई, "पिवळी. आजारी आहे."

हाच निकाल ते माणसांनाही लावत. आमचे साहेब पिवळे. गणेशोत्सवात गायलेले माझे मेहुणे तर "ठिणगीच नाही हो."

प्लग बदलला, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा घातला. गार असताना ट्रॅक्टर झकास चाले, तापला की मरे. "कॉइल," वामनराव म्हणत, "ठिणगीला वीज देते ती. तापली की आतली तार दगा देते. गार झाली की पुन्हा शहाणी." पण नवी कॉइल काही ते आणत नसत.

ट्रॅक्टर तापायचा तो नेमका रुक्मिणीबाईंच्या घरापाशी. या तंजावरकडच्या मराठी बाई. मराठी जुन्या वळणाचं, त्याला तमिळ हेल. "बसा हो, कापी घ्या," म्हणत त्या ओट्यावर कॉफीचे पेले आणून ठेवत. कॉइल गार होईपर्यंत वामनराव त्यांच्याशी गप्पा मारत.

शेवटी कंटाळून मीच अंबत्तूरहून नवी कॉइल आणली. वामनरावांनी ती बसवली, घोंगडीत डोकं घातलं.

"निळी," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता.

पुढच्या रविवारी ट्रॅक्टर एकदाही अडखळला नाही. बाईंचं घर आलं. बाई दारात उभ्या होत्या. वामनरावांनी हात लांबवून किल्ली बंद केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तापली असेल."

"अहो, नवी आहे."

"बाईंच्या घरात सगळे तमिळ नाहीतर इंग्रजी बोलतात," ते उतरता उतरता म्हणाले. "नातवंडांना त्यांचं मराठी कळतसुद्धा नाही."

ते ओट्यावर जाऊन बसले. "हं, बाई. तुमच्या आईचं सांगत होतात."

बाई सांगू लागल्या. मी कॉइलला हात लावून पाहिला. जेमतेम कोमट होती. मग मीही ओट्यावर जाऊन बसलो.