टोपीखालचा उजवा कान

"मशीन बिघडलंय," छपाईवाल्या काकांनी कानाच्या यंत्रांची डबी टेबलावर आपटली. "लावलं की घरात काही ऐकू येत नाही. काढलं की बायको बोलायला लागते!"

कान तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही यंत्रं पाहिली. ठणठणीत होती. बिघडले होते ते काकांचे कान. छापखान्यातल्या चाळीस वर्षांच्या खडखडाटाने आतल्या नसाच गेल्या होत्या. उजव्या कानाचा बहिरेपणा मध्यम, डाव्याचा तीव्र. "तीव्र म्हणजे वरचा नंबर ना?" असं काकांनी पहिल्या तपासणीच्या वेळी मोठ्या आशेने विचारलं होतं. मळ असता तर काढता आला असता, पडदा फाटला असता तर सांधता आला असता. नसांना इलाज नव्हता.

"काका, मशीन काय बोलणार? काकूंना बोलायला सांगा," बाई ओरडून म्हणाल्या.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. सहा वर्षांपूर्वी लेक अपघातात गेली, तेव्हापासून काकू समोरून फक्त खुणा करायच्या आणि बोलायच्या ते काकांच्या पाठीमागून. खिडकीच्या काचेत त्यांचे ओठ हलताना दिसायचे. ते बोलणं ऐकायलाच काकांनी हट्टाने यंत्रं घेतली, आणि घर चिडीचूप झालं.

घरी येताच काकांनी शक्कल लढवली. "कान दुखतात. दोन्ही काढून ठेवली गं!" असं ओरडून त्यांनी डबी काकूंसमोर ठेवली. उजवं यंत्र मात्र कानातच होतं. त्यावर लोकरीची टोपी ओढून ते पेपर घेऊन पाठमोरे बसले.

मागे भाजीवर काकूंची सुरी चालत होती. मग आवाज आला. काकांना आठवत होता त्यापेक्षा तो बारीक झाला होता.

"त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला होता. 'बाबांना दे,' म्हणाली. मी म्हटलं, त्यांना कुठे ऐकू येतं, नंतर बोल. संध्याकाळी गेलीच ती. कसलं नंतर अन् काय!"

काकांना वळावंसं वाटत होतं, पण वळलं तर हा आवाज कायमचा बंद होईल, या भीतीने ते पेपरातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"आणि ती टोपी काढा आता," मागून काकू म्हणाल्या. "एवढ्या उकाड्यात लोकर घालून बसलात, मला काय कळत नाही? घामाने खराब होईल ते."

काकांनी टोपी काढली. "पुन्हा सांग ना. काय म्हणाली ती?"

काकू पुढे आल्या आणि उजव्या कानाशी बसल्या.

"बाबांना दे, म्हणाली."