वणवा-प्रतिबंधक शेळ्या आणि सतरा वारस

आगीला लिहिता-वाचता येत नाही, ही बाब आमच्या पोर्तुगालच्या प्रशासनाने अद्याप अधिकृतपणे मान्य केलेली नाही. त्यामुळे मोउराल गावात वणवा-प्रतिबंधक शेळ्यांची योजना आली ती रीतसर कागदोपत्री आली.

योजना उत्तमच होती. देओलिंदामावशीच्या एकतीस शेळ्यांनी डोंगरावरची वाळकी झुडपं खायची, म्हणजे उन्हाळ्यात पेटायला काही उरत नाही. शेळ्यांना केशरी जाकिटं मिळाली. (ती त्यांनी पहिल्याच दिवशी खाल्ली. अहवालात 'साहित्याचा पूर्ण वापर' अशी नोंद आहे.) गळ्यात पट्टे आले. मंजूर हद्दीबाहेर पाय पडला की पट्टा किंचाळायचा.

जमीनमालकाची लेखी संमती मात्र हवी. मावशीच्या घरामागचा उतार सतरा वारसांच्या सामायिक नावावर. नऊ फ्रान्समध्ये, चार लक्झेंबर्गला, एक मठात, दोन स्वर्गवासी. (त्यांच्या सह्या सर्वांत आधी आल्या.) सतरावा मी.

मी नकार दिला नाही. विचाराला वेळ घेतला. त्या उतारावर मी एकोणीस वर्षांत पाय ठेवलेला नाही; पण आजोबांची काटेरी झुडपं परक्या शेळ्यांनी का खावीत, हा तत्त्वाचा प्रश्न होता.

जुलैत मावशी दारात आली. "फिर्मिनो, तुझं रान माझ्या कौलांना टेकलंय. शेळ्या हद्दीवर उभ्या राहून नुसत्या बघतात. कर ना रे सही."

"ऑगस्टात भाऊ येतोय पॅरिसहून. त्याच्याशी बोलतो, मावशी."

"वणव्यालाही सांगून ठेव तसं," म्हणत ती गेली. मला ते लागलं, पण सही करण्याइतकं नाही.

वणवा भावाच्या चार दिवस आधी आला. शेळ्यांनी चरलेल्या उतारांवर तो जागोजाग विझला. अख्ख्या डोंगरात त्याला एकच वाट मिळाली, माझी. मावशीचं घर गेलं. ती आणि एकतीस शेळ्या चरलेल्या जमिनीवर उभ्या राहून वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मी सही केलेला कागद घेऊन गेलो. मावशी कोमट राखेत पातेलं शोधत होती. तिने मान वर केली नाही.

"आता काय खातील रे तिथं?"

अहवालात माझा तुकडा 'शंभर टक्के स्वच्छ' आहे. तुम्ही मला हसा, हरकत नाही. पण चुलत्यांबरोबरच्या सामायिक जमिनीचा एखादा कागद तुमच्याही कपाटात सहीवाचून पडला असेल. त्या जमिनीला लागून कुणाचं घर आहे, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?